सिग्नलला गाडी बंद पडते?

आज दिवसभर हाताखाली हीच तक्रार: पेट्रोल गाडी, सायनच्या सिग्नलला क्लच दाबला की आरपीएम ८०० वरून थेट ४०० वर आणि इंजिन गप्प. कृपया लगेच फ्युएल पंप बदलायला धावू नका. आधी एअर फिल्टरचा पाइप काढून थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) टॉर्च मारा. झडपेच्या कडेला काळा, चिकट थर असेल तर आयडलिंगची (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहायला लागणारी) हवा तिथेच अडते. इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटू शकतात. नंतर आयडल रीलर्न (गाडीच्या कॉम्प्युटरला आयडलिंगची हवा पुन्हा शिकवणे) करायला विसरू नका. इंजिन चालू असताना फुसफुस ऐकू आली तर व्हॅक्यूम पाइपची (इंजिनाच्या ओढीवर चालणारी रबरी नळी) चीर शोधा.

तापल्यावर बंद, २० मिनिटांनी पुन्हा चालू? मग क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणारा) तपासा.