रेनो ३ए: मागची चाकं झाली

फेरेन्त्स सिसच्या रेनो गाडीचं (शर्यतीतला तिचा क्रमांक ३ए) मॉडेल आता आकाराला यायला लागलंय. माप १:२४, आणि किट वगैरे काही नाही, सगळं हाताने. चासी उभी राहिली, बॉनेटवर प्रायमरचा पहिला हात बसला आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ती मागची चाकं तयार झाली.

ज्यांना सिस माहीत नाही त्यांच्यासाठी: जगातल्या पहिल्या ग्रां प्री मोटार शर्यतीचा हा विजेता. २६ आणि २७ जून १९०६, ले मान्सजवळचे साधे रस्ते, १०३ किलोमीटरची एक फेरी, अशा दोन दिवसांत बारा. मूळचा हंगेरीचा. रेनोमध्ये नोकरीला लागला, शर्यतींत कंपनीच्या संस्थापकांपैकी लुई रेनोच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसू लागला. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत लुईचा भाऊ मार्सेल रेनो अपघातात दगावला आणि त्यानंतर सिस स्वतः स्टिअरिंगवर आला. फॉर्म्युला वनचे आकडे तोंडपाठ असलेल्यांनाही त्याचं नाव आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता चाकांकडे. त्या शर्यतीत नियम असा होता की वाटेत गाडीला हात लावायचा तो फक्त ड्रायव्हर आणि मेकॅनिकने. त्यात उन्हाचा कहर. रस्त्यावरचं डांबर वितळून डोळ्यांत उडत होतं, खडी उखडली होती आणि टायर पटापट फाटत होते. एरवी फाटलेला टायर सुरीने कापून काढायचा, नवा रेटून चढवायचा, मग हवा भरायची. यात दहा-पंधरा मिनिटं सहज जायची. सिसच्या गाडीला मागे मिशेलिनची सुटी रिम होती. आठ नट सोडायचे, टायरसकट रिम ओढून काढायची, हवा भरलेली दुसरी बसवायची. चारेक मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर! या रिम जड होत्या आणि गाडीच्या वजनाला १००० किलोची मर्यादा होती, त्यामुळे त्या सगळ्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. रेनोनेही त्या फक्त मागेच लावल्या. म्हणून माझ्या मॉडेलमध्ये पुढची आणि मागची चाकं वेगळी दिसतात.

आरे बांबूच्या कामट्यांचे. काचेच्या तुकड्याने खरवडले की बैलगाडीच्या आऱ्यांसारखे मधे फुगीर, टोकाला निमुळते होतात. टायर म्हणजे नळाच्या सामानाच्या दुकानातले ओ-रिंग, पॉलिश पेपरने चमक घालवलेले. खरी कसोटी नटांची. कागदाची गोल चकती तीनदा दुमडून उघडली की घड्यांच्या रेषा आठ जागा अचूक दाखवतात. ती रिमवर ठेवून सुईने खुणा केल्या. षटकोनी स्टायरीन (प्लास्टिक) सळईचे मिलिमीटरभर काप काढले. सुईच्या टोकाला किंचित मेण लावून एकेक काप उचलायचा, खुणेवर ठेवायचा आणि ब्रशच्या टोकाने प्लास्टिक चिकटवणाऱ्या सॉल्व्हंटचा थेंब सोडायचा. बोटांनी किंवा चिमट्याने धरायच्या भानगडीत पडू नका, काप उडून जातो.

बॉनेटबद्दल थोडक्यात. रेनोचा रेडिएटर इंजिनच्या मागे असायचा, त्यामुळे गाडीचं नाक पुढे उतरतं. आत १३ लिटरचं चार सिलिंडरांचं इंजिन, तरी बॉनेट मी बंदच ठेवणार आहे.

कारण मला गाडी धावताना दाखवायचीच नाही. सिस ताशी सरासरी १०१ किलोमीटरने जिंकला, फियाटवाला नाझारो ३२ मिनिटं मागे राहिला. वेगाचं श्रेय आहेच, पण एवढं अंतर पडण्यात या आठ नटांचा वाटा मोठा होता, असं माझं ठाम मत आहे. आणि ते नट सोडणारा हात मुळात मेकॅनिकचा होता. म्हणून देखावा असा ठरवलाय: गाडी रस्त्याच्या कडेला, मागचं उजवं चाक जॅकवर, जुनी रिम अजून चाकावरच, सिस गुडघ्यावर बसून पाना फिरवतोय आणि त्याचा मेकॅनिक मार्तो नवी रिम घेऊन उभा आहे. चार नट निघालेत, चार अजून जागेवर.

दोघांच्या आकृत्यांचे तारेचे सांगाडे वाकवून झालेत, आता एपॉक्सी पुटी चढवायची. रस्त्याचा तुकडा मात्र अडलाय. वितळलेल्या डांबराची ती चिकट, ओली चकाकी हवीये. नुसत्या ग्लॉस वॉर्निशने रस्ता पावसात भिजल्यासारखा दिसतो. काळ्या रंगात पीव्हीए (पांढरा) गोंद मिसळून चाकोऱ्यांपुरताच लावायचा विचार आहे. कुणी असं काही केलं असेल तर प्रमाण जरूर सांगा.