पोकलेन आलं, बघून आले

काल सकाळी शेजारच्या पोरानं फाटकातूनच हाक मारली, "काकू, नदीत पोकलेन उतरलं न वो!" चहा तसाच ठेवून मी निघाले.

पावसाळ्याआधी आमची नागपूर महापालिका नाग, पिवळी आणि पोरा या तिन्ही नद्यांतला गाळ काढते. पूर्वी मी ही बातमी वाचून पान उलटायची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेनंतर तसं जमत नाही. त्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी लेआउटमधल्या आमच्या स्वयंपाकघरात शिरली. कणगीतले तांदूळ, सासूबाईंची शिवणमशीन, लेकीची दहावीची वह्या-पुस्तकं, सगळं चिखलात. भिंतीवरची ती ओल अजून पूर्ण गेलेली नाही.

म्हणून काल तासभर पुलावर उभी राहिले. गाळासोबत प्लास्टिक, गाद्या, नारळ, देवाच्या तसबिरी निघत होत्या. हे आपणच टाकलेलं आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. काढलेला गाळ काठावरच राहिला तर पहिल्याच सरीत परत आत जातो, म्हणून तो कधी उचलणार हेही विचारलं. "दोन दिवसांत," असं उत्तर मिळालं. परवा पुन्हा जाऊन बघणार आहे.

गल्लीतल्या बायकांशी बोलणं झालंय. यंदा घरचं निर्माल्य नदीत टाकायचं नाही, कुंडीत खत करायचं. देशमुखांकडचा जुना माठ त्यासाठी मिळालाय.