घरचं म्हणजे स्वस्तच असं काही नाही

घरी केलं की पैसे वाचतात हे वाक्य मला अर्धंच पटतं. आमचं घर देवगड तालुक्यातलं, माणसं भरपूर, पगार एक आणि आंब्याची कलमं बेताची, त्यामुळे काटकसर हा काही आमचा छंद वगैरे नाही, तो रोजचा कारभार आहे. आणि या कारभारात माझ्या सासूबाईंचा एक प्रश्न ठरलेला, कुठलीही नवी वस्तू घरी करून ताटात ठेवली की त्या आधी खाणार, मान हलवणार आणि मग विचारणार, "ह्येका काय काय लागला?" काय काय म्हणजे नुसता मैदा-साखर नव्हे हं, गॅस किती वेळ चालू होता, लाईट किती जळली, आणि किती जणींची दुपार गेली ते पण.

या हिशोबात सगळ्यात आधी बाद झाला तो पाव. यूट्यूबवर बघून घरचा पाव करायची हौस आमच्याकडे जाऊबाईंनी पुरेपूर केली, पाव छान झाला, मऊ झाला, सगळं खरं, पण आमचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आहे पंधराशे वॅटचा, तो चाळीस मिनिटं चालला की एक युनिट वीज गेली, त्यात आधी तापवायचा वेळ धरा, यीस्टची पुडी धरा, पीठ मळून मळून दुखलेले दंड धरा आणि ट्रेमध्ये पाव मावणार नऊ. सकाळी सायकलवरून पॉं पॉं करत पाववाला दारात येतो त्याची भट्टी एकदा तापली की त्यात शेकडो पाव भाजून निघतात, त्याच्याशी आपण कुठे बरोबरी करायची. पाव विकतचाच. यात काही कमीपणा नाही.

नानखटाईचं मात्र मधलं काहीतरी आहे आणि मला ते फार आवडतं. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात पोरं घरी असली की आपलं सामान आपण भट्टीवर न्यायचं, अर्धा किलो मैद्याला पाव किलोच्या जरा वर पिठीसाखर आणि तेवढाच डालडा, थोडं बेसन, थोडा रवा, वेलची. काही लोक नुसतं सामान नेतात आणि भट्टीवालाच मळतो, आमच्याकडे मळून नेतात कारण सासूबाईंना दुसऱ्याच्या हातचं फेसणं पटत नाही. परातीत डालडा आणि साखर तळव्याने फेसत बसायचं, आधी ते रवाळ लागतं, हाताला साखर खरखर बोचते, मग हळूहळू मऊ पडत पडत पांढरंशुभ्र होतं आणि परातीच्या कडेला लावलं तर तिथेच चिकटून राहतं, तोवर थांबायचं नाही. मग मैदा. मैदा घातल्यावर उलट जास्त मळायचं नाही नाहीतर खटाई कडक होते. भट्टीवर मोठाले काळे पत्रे, त्यावर ओळीने गोळे मांडायचे, अंगठ्याने जरा दाबायचे, आणि आपल्या पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी कारण शेजारणीचे गोळे अगदी तसेच दिसतात आणि डबा बदलला तर दिवाळीभर दोन्ही घरांत तोच विषय. आपण देतो ती फक्त भाजणावळ. जाळ त्याचा, जिन्नस आपला. माझ्या मते बेकिंगची याहून शहाणी पद्धत अजून कोणी काढलेली नाही.

केक म्हणाल तर घरी कढईत होतो आणि तो खरंच परवडतो. जाड बुडाच्या कढईत जाडं मीठ पसरायचं, त्यावर एक रिंग नाहीतर उलटी वाटी, झाकण लावून दहा मिनिटं तापवायचं, मग भांडं आत ठेवून बारीक गॅसवर पाऊण तास. ते मीठ जेवणात घालायचं नाही पण केकसाठी पुन्हा पुन्हा चालतं, डब्यात भरून ठेवलेलं असतं. सासूबाईंच्या काळी मिठाऐवजी पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठची, वाळू धुऊन वाळवून वापरायचे. केकमध्ये आमची एक घरगुती चलाखी आहे ती सांगते, सोलकढीसाठी नारळाचं दूध काढलं की जो चोथा उरतो तो आम्ही टाकत नाही. एक वाटी रवा, त्यात मूठभर चोथा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी तेल, हे अर्धा तास भिजत ठेवायचं आणि भांड्यात ओतायच्या अगदी आधी अर्धा चमचा खायचा सोडा. सोडा शेवटीच का तर दह्याच्या आंबटपणाशी त्याची गाठ पडली की लगेच बुडबुडे सुटतात, आणि ते बुडबुडे वाटीत सुटून उपयोग नाही, कढईत सुटायला हवेत. अंडं नाही, लोणी नाही, आणि चोथ्यामुळे केक दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही.

पण खरं सांगू का, आपल्याकडे केक होताच की, त्याला धोंडस म्हणायचे एवढंच. पावसाळ्याच्या शेवटी मांडवावर तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या, जून होऊन लोंबायला लागली की धोंडस. "जून तवसा व्हया, कवळा नको," असं दरवर्षी ऐकवलं जातं. तवसं किसायचं, त्याचं सुटलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच गूळ आणि खोबरं घालून उकळायचं, भाजलेला तांदळाचा रवा घालून घट्ट शिजवायचं आणि मग जाड टोपात थापून खाली मंद निखारे आणि वर झाकणावर पण निखारे. हे निखारे करवंट्यांचे. करवंटीचा निखारा भलताच कडक, तेव्हा झाकणावर जरा हात राखूनच टाकायचे नाहीतर वरून काळं आणि आत लगदा. बरोबर जमला तर वरचा पापुद्रा तपकिरी खरपूस होतो आणि सुरी घातली की गुळाचा वास घरभर. वर लोण्याचा गोळा. याचा खर्च काढायला गेलात तर गूळ आणि लोणी सोडून विकतचं काहीच नाही.

हवेचा एक ताप मात्र आहे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे बिस्किटं, खटाई काहीही उघडं राहिलं की संध्याकाळपर्यंत सादळलंच, साखर आणि पीठ दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात. गरम तव्यावर दोन मिनिटं परतून गार केलं की पुन्हा कुरकुरीत होतं, टाकू नका. बेकिंग पावडर पण दमटपणाने मरते, चमचाभर गरम पाण्यात टाकून बघायची, फसफसली तर जिवंत.

आता हातकाम. त्यात माडासारखा दुसरा कोणी नाही. चुडत म्हणजे माडाची झावळी पडली की पोरं आधी पिडा, म्हणजे तिचा बुडखा, पळवतात कारण त्याची क्रिकेटची बॅट होते, उरलेल्या पात्यांतून विळ्याने सोलून हीर, म्हणजे मधल्या काड्या, काढायचे, जुडी बांधायची, झाला खराटा. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, चुलीला, करवंट्यांचं वर सांगितलंच. गणपतीचं मखर पूर्वी थर्माकोलचं यायचं, 2018 मध्ये राज्यात थर्माकोल-प्लास्टिकवर बंदी आली आणि आमच्याकडे आंब्याचे खोके कामाला आले, सीझन संपला की चांगले चांगले खोके माळ्यावर जातात. फक्त श्रावणात पुठ्ठा हवेने वाकतो म्हणून दोन्ही बाजूंनी पातळ फेविकॉलचा हात मारून उन्हात नाहीतर पंख्याखाली वाळवायचा, मग जुन्या साडीचे काठ लावायचे. दिसतं झकास. (शाळेतलं ते टाकाऊतून टिकाऊ मात्र माझ्या डोक्यात जातं, एक रिकामी बाटली सजवायला दीडशे रुपयांचे रंग आणि ग्लू गन आणायची आणि वर म्हणायचं टाकाऊ!)

आणि गोधडी. सुती साड्याच पाहिजेत, सिंथेटिक आत सरकते आणि पोट सुटल्यासारखी लोंबते. मे महिन्यात साड्या धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवायच्या आणि पाऊस लागला, बाहेरची कामं थांबली की माजघरात पसरायच्या, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि जड डबे ठेवून ताणून घ्यायच्या. कडेने धावदोरा घालत चौकोनात चौकोन असं आत आत यायचं, मधून सुरुवात केली तर चुण्या कडेला गोळा होतात. सासूबाईंचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, माझा त्याच्या दुप्पट, आणि गोधडीवर कुठून कुठपर्यंत कोणी शिवलंय ते आंधळ्यालाही बोट फिरवून कळेल.

या सगळ्यावरून आता पोरी म्हणतात विकूया की. खायचं विकायचं तर घरातून विकलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते, ते बघू, पण गोधडीला तसलं काही नाही म्हणून फोटो टाकला ग्रुपवर. मुंबईच्या एका बाईंनी लगेच भाव विचारला. सासूबाईंच्याच पद्धतीने हिशोब केला, साड्या जुन्या म्हणून फुकट धरल्या, दोऱ्याची रिळं धरली, आणि दोघींच्या दुपारी धरल्या, तिथे आकडा वाढला. बाईंचं उत्तर आलं, घरीच तर शिवता ना, मग एवढे कसले? गंमत बघा, दुकानात त्या असं विचारणार नाहीत. घरचं म्हटलं की बाईचा वेळ आपोआप शून्य धरायचा ही सवय गिऱ्हाइकाला आहेच पण आपल्यालाही आहे, मी स्वतः आकडा टाइप करून तो कमी करायला निघालेच होते तर सासूबाईंनी चष्मा वर करून मोबाईलमध्ये डोकावलं आणि म्हणाल्या, "कमी कित्याक? घेतल्यान नाय तर नाय. आपणाक पांघरूक होतली."