हात लावू नये

परवा भर दुपारी मंडईत एका आंब्याच्या गाड्यावर पुठ्ठ्याची पाटी बघितली : 'आंबा दाबून बघू नये. दाबल्यास घ्यावा लागेल.' पाटीमागे मालक गाढ झोपलेला. आता असं लिहिल्यावर कुणाचे हात शिवशिवणार नाहीत? भेंडीचं टोक मोडल्याशिवाय, नारळ कानाशी हलवल्याशिवाय, साडीचा पदर दोन बोटांत चोळल्याशिवाय आपल्याला खरेदी केल्यासारखं वाटतच नाही. माझी आत्या दुसऱ्याच्या घरी गेली की बोलता बोलता पडद्याचं कापडसुद्धा चिमटीत धरून बघायची आणि मग भाव विचारायची.

अशा माणसांची टोळी अंदमानात स्कूबाला, म्हणजे पाठीवर सिलेंडर बांधून समुद्रात बुडी मारायला गेली तर काय होणार? आम्ही सगळे कराडकडचे, एका कॉलेजचे, पन्नाशीला टेकलेले. बेत हॅवलॉकचा. सरकारदरबारी २०१८ पासून ते स्वराज द्वीप झालंय, पण जेट्टीवर सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. आमचा शिकवणारा तिथलाच बंगाली पोरगा, आमच्यातल्या कुणाच्याही मुलाच्या वयाचा. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून त्यानं नियम सांगितले. श्वास कधीच रोखायचा नाही. कान दुखायच्या आधीच नाक दाबून हवा फुंकायची. अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ 'झकास' नाही, 'मला वर न्या' असा होतो. आणि शेवटी : "हाथ छाती पर. कुछ भी छूना नहीं."

"थोडासा भी नहीं?" आमच्यातल्या अण्णांनी विचारलं.

(एक जाता जाता. पाठीवर असतो तो ऑक्सिजनचा सिलेंडर नव्हे. त्यात साधीच हवा असते, दाबून भरलेली. घरी परतल्यावर हे मी इतक्यांना सांगितलं की आता कुणी विषयच काढत नाही.)

आमचं पाण्याचं शिक्षण झालं विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काका वरून ढकलायचे. डबा सुटला की मुटके, मुटके झाले की सूर, आणि सगळ्यांत वरची परीक्षा म्हणजे तळ काढणे. छाती फुटेस्तोवर श्वास कोंडून खाली जायचं, कानात ठणका लागायचा, पाणी एकदम गार व्हायचं आणि मग बोटांना तो मऊ, काळा गाळ लागायचा. मूठभर घेऊन वर यायचं. नुसतं "मी तळाला जाऊन आलो" म्हटलं तर काठावरची एक पोरटी विश्वास ठेवायची नाही. मूठ उघडून दाखवावी लागे. बोटांमधून निम्मा गाळ वाटेतच निसटलेला असे आणि उरलेल्यावर भांडण, की हा तळाचा की कडेच्या कपारीतला.

आणि इथे श्वास चालू ठेवायचा, हात बांधायचे आणि मूठ रिकामी ठेवून वर यायचं. सगळंच उलटं.

खाली गेल्यावर पहिल्यांदा आवाज आला. समुद्राच्या तळाशी शांतता असते ही आपली उगाचची समजूत. सगळीकडून बारीक कडकड चालू असते, आणि मध्येच सुपारी कातरल्यासारखं काहीतरी. तो पोपटमासा. चोचीसारखे जुळलेले दात प्रवाळावर घासतो, त्यावरचं शेवाळ खाता खाता दगडही खरवडतो, आणि पोटात दळून झालेला चुरा मागून सोडून देतो. अशा किनाऱ्यांवरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूत या महाशयांचा वाटा मोठा असतो. आदल्या संध्याकाळी त्याच वाळूत आम्ही लोळत होतो, असो.

हात लावायचा मोह आवरायला पाणीच मदत करतं. काचेतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं; चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर आहे असं वाटतं. त्यामुळे अण्णांचा हात छातीवरून सुटून पुढे गेला तेव्हा बोटांना नुसतं पाणीच लागलं. समोर एक भला मोठा शिंपला उघडा होता, निळ्या मखमली ओठांचा. त्या ओठांच्या कडेला बारीक बारीक डोळे असतात म्हणे. अण्णांच्या हाताची सावली पडली मात्र, त्यानं तोंड मिटून घेतलं.

अण्णांच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी आहे, मंगळासाठी. साबण लावूनही निघाली नव्हती, म्हणून तशीच खाली आलेली. पोवळं म्हणजेही प्रवाळच, पण हे लाल पोवळं अंदमानातलं नव्हे, ते भूमध्य समुद्रातलं. रोमन माणसांना मोत्यांचं जेवढं वेड तेवढं हिंदुस्थानातल्यांना पोवळ्याचं, असं प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. पण पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विझतो. सात-आठ मीटरवर अण्णांचं पोवळं कळकट तपकिरी झालं. एवढे मासे भोवताली, आणि हा गृहस्थ स्वतःचं बोट डोळ्यांसमोर धरून बघतोय, मला दाखवतोय, घाबऱ्या घाबऱ्या बुडबुडे सोडतोय. वर आल्यावर तोंडातली नळी काढून पहिलं वाक्य : "आलं रे परत!"

किनाऱ्यावर बसल्यावर मी त्या पोराला विचारलं, खाली एका बाजूला प्रवाळाचा सगळा पांढुरका चुरा पडला होता, तो कुणी मोडला? पर्यटकांनी? त्याच्या कडक शिस्तीवरून मला तसंच वाटलं होतं. शिवाय कायदाही तसाच कडक. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून हे प्रवाळ वाघाच्या पंगतीला बसलंय, मेलेला तुकडासुद्धा बॅगेत सापडला तर विमानतळावर काढून घेतात.

"किसी ने नहीं तोड़ा, सर. २०१० में पानी गरम हुआ था. फिर २०१६ में."

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्याला रंग देतं, तेच बरंचसं अन्नही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे बिऱ्हाड मोडतं. प्रवाळ पांढरं पडतं आणि पाणी लवकर निवलं नाही तर उपासमारीनं मरतं. त्यातले घुमटासारखे वाढणारे वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. कमरेएवढा घुमट म्हणजे आमच्या आजीच्या पिढीतला.

"म्हणजे आम्ही हात बांधून गेलो काय आणि नाही गेलो काय," अण्णा म्हणाले. अंगठी फिरवत होते.

पोरगा काही बोलला नाही. पुढचा ग्रुप येऊन उभा होता, त्यांच्यासाठी जॅकेटं उतरवून द्यायची होती. ती दिली, आणि इथे मासे चांगले कुठे मिळतात ते त्यालाच विचारून जेवायला निघालो.