कंडक्टर बदलताना: आमच्या हौशी बँडमधला माझा अनुभव

तालीम संपली होती. मी क्लॅरिनेटमधून कापड ओढून ते कोरडं करत होतो, तेवढ्यात आमचे कंडक्टर सर स्टँडवरची पानं गोळा करता करता म्हणाले, "हा हंगाम झाला की मी थांबतो." दोघंतिघं हसले. सरांना विनोद जमत नाही हे सेकंड क्लॅरिनेटच्या रांगेत 16 वर्षं बसून मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे मला काही हसू आलं नाही.

आमचा कॉन्सर्ट बँड हौशी आहे. पोटापाण्यासाठी वेगवेगळे उद्योग करणारी पन्नासेक माणसं आठवड्यातून एकदा जमतात. व्हायोलिनं नाहीत, सगळी फुंकायची वाद्यं आणि मागे तालवाद्यं. या गर्दीत मानधन घेणारा माणूस एकच, समोर उभा राहून हाताच्या इशाऱ्यांनी बँड चालवणारा कंडक्टर, आणि काहीही न वाजवणाराही तोच. (बाहेर कुणाला 'आमचे कंडक्टर' म्हटलं की त्याला तिकीट देणारा आठवतो. तेही अगदीच चूक नाही. सगळ्यांना एकाच थांब्यावर उतरवणं हे आमच्याही कंडक्टरचं निम्मं काम.)

मी आलो तेव्हा बँड आधीच्या सरांकडून या सरांकडे नुकताच आला होता. पण तेव्हा मी इतका नवखा होतो की मान वर करायची हिंमत नव्हती, त्यामुळे तो बदल मला कळलाच नाही. या वेळी मात्र निवड समितीच्या 5 जणांत माझं नाव आलं. बहुधा मी कुणाशी भांडत नाही म्हणून.

आम्ही ठरवलं की निवडक उमेदवारांना प्रत्येकी एक पूर्ण तालीम द्यायची. अर्धा वेळ सगळ्यांना एकच रचना, उरलेल्या वेळात त्यांच्या पसंतीचं काहीही. समान रचना म्हणून इंग्रज संगीतकार होल्स्टचा ई फ्लॅटमधला पहिला स्वीट (काही भागांची मिळून एक रचना) निवडला. 1909 सालची ही रचना, आणि होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा, त्यामुळे फुंकणाऱ्याचा दम कुठे संपतो हे त्याला माहीत आहे. पहिल्या भागात ट्यूबा आणि युफोनियम ही खालच्या सुरांची पितळी वाद्यं 8 बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) एक चाल वाजवतात आणि मग तीच चाल आवर्तनासारखी फिरत राहते. कधी वरच्या वाद्यांत, कधी खालच्या, मध्यावर तर चक्क उलटी होऊन. समोर उभ्या माणसाचा अंदाज यात लगेच उघडा पडतो. चौथ्या आवर्तनालाच सगळा आवाज खर्चून बसला तर शेवटासाठी त्याच्याकडे काही उरत नाही.

त्या निमित्तानं कपाटातला जुना संच काढला. माझ्या पार्टवर, म्हणजे माझ्या वाट्याचे सूर लिहिलेल्या पानांवर, किती हातांनी लिहून ठेवलंय हे मी पहिल्यांदा नीट बघितलं. एका जागी शाईनं 'इथे श्वास नको' असं लिहिलेलं, ते आधीच्या सरांच्या काळातलं. त्यावर पेन्सिलीनं काट मारून 'श्वास घ्या', हे आमच्या सरांचं फर्मान, माझ्याच अक्षरात. आणि पहिल्या भागाच्या शेवटी लय जिथे रुंदावते तिथे 4 चष्मे. कंडक्टरकडे बघ, अशी स्वतःला आठवण म्हणून वाजवणारे पानावर चष्म्याचं चित्र काढतात. चारही माझेच. म्हणजे चार वेळा बोलणी खाल्ली होती आणि तरी मी तिथे वर बघत नव्हतो. बघायची गरजच नव्हती. सर तिथे किती रेंगाळतात ते अंगात भिनलं होतं. मला वाटतं, इतक्या वर्षांनी आम्ही सरांच्या हातावर वाजवतच नव्हतो, सरांच्या आठवणीवर वाजवत होतो.

पहिल्या उमेदवारांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बोलले छान. घड्याळ लावून पाहिलं तर दीड तासातली 40 मिनिटं बोलले. तरी तालमीनंतर वाटलेल्या फॉर्मवर बहुतेकांनी 'आवडले' असं लिहिलं, कारण आम्ही प्रश्नच तसा विचारला होता. समोर कष्ट घेणाऱ्या माणसाला 'नाही आवडले' कोण लिहिणार? मग फॉर्म बदलला. आज तुम्ही मागच्या आठवड्यापेक्षा वेगळं काय वाजवलंत? किती वेळा वर पाहिलंत? हे दोनच प्रश्न ठेवले. कुठल्याही बँडला हे काम करायचं असेल तर माझा सल्ला एवढाच: आवडीनिवडी विचारू नका.

दुसऱ्या गृहस्थांचा कान विलक्षण होता. आवाज चढवत नेला की आमचा सूर फाटतो, हे जुनं दुखणं. सर अशा वेळी "सूर!" म्हणून डोळे वटारायचे आणि आम्ही आणखी बिचकून वाजवायचो. यांनी बँड थांबवला आणि शांतपणे सांगितलं की जोरात फुंकलं की बासरीचा, म्हणजे फ्लूटचा, सूर चढतो आणि क्लॅरिनेटचा उतरतो; तुम्ही दोघं एकमेकांपासून पळताय, आणि दोष कुणा एकाचा नाही. मग बासऱ्यांना फुंकीचा रोख जरा खाली घ्यायला लावला, आम्हाला जोर वाढवताना ओठांची पकड सैल पडू द्यायची नाही असं बजावलं. दहा मिनिटांत तोच बार असा वाजला की ट्यूबावाल्यानं मान डोलावली, आणि तो सहसा कशालाच मान डोलावत नाही.

मध्यंतरात त्यांनी विचारलं, "फ्लूट किती?" अकरा. ते म्हणाले, कार्यक्रमात एका पार्टला एकच माणूस ठेवू, बाकीचे आळीपाळीनं. कल्पना काही जगावेगळी नव्हती. अमेरिकन कंडक्टर फ्रेडरिक फेनेलनं 1952 साली ईस्टमन विंड आन्सांबल हा फुंकवाद्यांचा संच उभा केला ते याच तत्त्वावर: मोठा ताफा नको, पार्टागणिक एक वाजवणारा, म्हणजे प्रत्येक रंग स्वच्छ ऐकू येतो. तयारीच्या कलावंतांसाठी ते सोळा आणे खरं आहे. पण त्या दिवशी फ्लूटच्या रांगेतून आलेल्या एका फॉर्मवर दोन्ही प्रश्न कोरे होते आणि खाली फक्त लिहिलं होतं: 'मी अकरावी.'

तिसऱ्या बाई. हातवारे अगदी लहान, मागच्या तालवाद्यांना दिसतील की नाही अशी शंका यावी इतके. स्वतःच्या पसंतीचं म्हणून त्यांनी संगीतकार ग्रेंजरच्या 'लिंकनशायर पोझी'मधला, म्हणजे 1937 सालच्या रचनेमधला, पाचवा भाग आणला होता. त्याची सुरुवात ठरावीक तालात नाही. कुठली मात्रा किती लांबवायची हे कंडक्टरचा हात त्या क्षणी ठरवतो. मोजून उपयोग नाही, शेजाऱ्याच्या भरवशावर राहून तर मुळीच नाही. पहिल्या तीनही वेळा आम्ही सपशेल आपटलो. बाई रागावल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. हात वर धरून उभ्या राहिल्या, शेवटचा माणूस पानावरून नजर उचलेपर्यंत. चौथ्या वेळी पन्नास जण एकदम समेवर आलो. त्याच ओघात त्यांनी होल्स्ट सुरू केला आणि माझ्या त्या चार चष्म्यांपाशी मी न ठरवता वर बघितलं. हात मला वाटला होता तिथे नव्हता.

पुढच्या भागात त्या स्वतःच एकदा चुकल्या. थांबल्या, म्हणाल्या, "चूक माझी, परत घेऊ." हे वाक्य मी त्या जागेवरून याआधी कधी ऐकलं नव्हतं.

समितीच्या बैठकीत मी मत दिलं ते मात्र दुसऱ्या गृहस्थांना. सूर सुधारला की बाकी सगळं सुधारतं असं माझं म्हणणं, आणि मी ते बराच वेळ लावून धरलं. मतं 3 विरुद्ध 2, आणि मी तिघांतला. समितीत आमचा टिंपनी (मोठे नगारे) वाजवणारा पोरगा होता, विशीतला. तो म्हणाला, "काका, फ्लूट कमी केल्यावर पुढचा नंबर क्लॅरिनेटचाच ना? तुमच्या रांगेत किती जण?"

सात. त्यात माझा क्रम सहावा. मी मत बदललं. तत्त्वासाठी बदललं असं सांगायला आवडलं असतं.

बाई आल्या आणि पहिले तीन महिने वाईट गेले. "सर हे इतकं जलद घ्यायचे नाहीत" हे प्रत्येक तालमीत कुणीतरी पुटपुटायचंच. दोन ट्रॉम्बोनवाले सोडून गेले. सरांनी मात्र एक गोष्ट फार शहाणपणाची केली. पूर्ण हंगामभर ते तालमीकडे फिरकले नाहीत, कुणी फोनवर गाऱ्हाणं सुरू केलं तर विषय बदलायचे. एकदा मी केलं होतं, म्हणून माहीत आहे. फ्लूट अजून अकराच आहेत. सूर अजून फाटतो, पण दुसऱ्या गृहस्थांनी दिलेला तोडगा आम्ही बाईंना सांगितला आणि त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

हंगामाच्या शेवटी बाईंनी सगळ्यांना आपापले पार्ट खोडरबरानं साफ करून आणायला सांगितले. घरी बसून मी चारही चष्मे पुसले. 'श्वास घ्या' पुसलं, त्याखालची काटही गेली. शाई काही जाईना. पुढच्या तालमीत बाईंना तो पार्ट दाखवला, म्हटलं, हे एवढं राहिलंय. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं. "राहू दे," म्हणाल्या, "तिथे श्वास नको हे मी आज सांगणारच होते."