रास्पबेरी पाय: चांगला बूट आणि बिघडलेला बूट यांचे लॉग ताडणारी स्क्रिप्ट, सद्यस्थिती

रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकावर यूएसबी उपकरण कधी दिसतं, कधी दिसत नाही, अशा तक्रारीत दोन बूटचे (संगणक दोनदा सुरू झाला तेव्हाचे) कर्नल लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने लिहिलेल्या नोंदी, नुसत्या डोळ्यांनी ताडून हाती काही लागत नाही. सरळ डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी आज्ञा) चालवला तर जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी निघते, कारण ओळीच्या सुरुवातीला मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ असते. वेळ उडवली तरी डिफ गोंधळतोच: बरेच ड्रायव्हर समांतर सुरू होतात आणि ओळींचा क्रम दर बूटला थोडा हलतो. म्हणून पहिली आवृत्ती सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी आज्ञा) आणि कॉम (क्रमाने लावलेल्या दोन फाइलींतल्या समान आणि वेगळ्या ओळी दाखवणारी आज्ञा) यांवर बांधली.

लॉग जर्नलसीटीएल या लॉग वाचायच्या आज्ञेतून घ्यायचा: ‘-के’ म्हणजे फक्त कर्नल, ‘-बी -१’ म्हणजे मागचा बूट. जर्नलडीच्या (लॉग साठवणाऱ्या सेवेच्या) कॉन्फिगमध्ये स्टोरेज ‘व्होलाटाइल’, म्हणजे तात्पुरतं, असेल तर मागचा बूट मिळणारच नाही. ते ‘पर्सिस्टंट’ करा. आउटपुटचा प्रकार ‘शॉर्ट-मोनोटॉनिक’ (वेळ बूटपासून मोजलेली) ठेवा. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर स्वतंत्र घड्याळ नाही, त्यामुळे नेटवर्कवरून वेळ मिळाली की साधी वेळ मध्येच उडी मारते. सीरियल कन्सोलवरून पकडलेला लॉग असेल तर ओळीच्या शेवटचं कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह ‘टीआर -डी’ या अक्षरं गाळणाऱ्या आज्ञेने काढा. ते राहिलं तर स्क्रीनवर हुबेहूब दिसणाऱ्या ओळीही कॉमला वेगळ्या वाटतात.

खरं काम झाकण्याचं आहे. बदलणारा प्रत्येक आकडा सेडने (मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने) ‘#’ करून टाकायचा मोह होतो, पण तो टाळा. ही ओळ पाहा: ‘यूएसबी १-१.३: डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’. इथे -७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक, आणि तिथेच -११० आलं तर उपकरणाने वेळेत उत्तरच दिलं नाही. सगळे आकडे झाकले की दोन्ही ओळी एकच होतात आणि फरक हरवतो. म्हणून झाकायचं ते संदर्भ पाहून: सुरुवातीची चौकटी कंसातली वेळ आणि होस्टचं (त्या संगणकाचं) नाव, ‘डिव्हाइस नंबर’नंतरचा आकडा (पुन्हा जोडणी झाली की तो वाढतो), आणि मेमरीचे १६ हेक्स (सोळाच्या पायावरच्या) अंकी पत्ते. हे पत्ते कर्नल ४.१५ पासून सुरक्षेसाठी हॅश करून (खरा आकडा लपवून) छापले जातात, त्यामुळे दर बूटला बदलतात. आखूड हेक्स आकड्यांना मात्र हात लावू नका. व्होल्टेज ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यावर थ्रॉटलिंगचा (प्रोसेसरचा वेग कमी केल्याचा) ०एक्स५०००५ सारखा आकडा दिसतो. त्यातले बिट ० आणि २ ‘आत्ता’चं सांगतात, १६ आणि १८ ‘बूटनंतर कधीतरी’चं. ही माहिती झाकली तर वीजपुरवठ्याचा दोष कधीच सापडणार नाही.

झाकल्यावर दोन्ही फाइली ‘एलसी_ऑल=सी’ हे लोकेल (भाषेनुसार अक्षरक्रम ठरवणारं सेटिंग) लावून सॉर्ट करा. सॉर्ट एका लोकेलमध्ये आणि कॉम दुसऱ्यात चालला तर कॉम ‘फाइल क्रमाने नाही’ म्हणतो. सॉर्टला ‘-यू’ (सारख्या ओळी एकदाच ठेवायचा पर्याय) देऊ नका. कॉम सारख्या ओळींच्या जोड्या लावतो: चांगल्या बूटमध्ये एखादी ओळ २ वेळा आणि बिघडलेल्यात ४० वेळा असेल, तर ‘कॉम -१३’ उरलेल्या ३८ ओळी देतो, आणि पुढे ‘युनिक -सी’ ही सारख्या ओळी मोजणारी आज्ञा लावली की हा आकडा समोर येतो. पण ‘-१३’ पाहण्याआधी ‘-२३’ पाहा, म्हणजे फक्त चांगल्या बूटमध्ये असलेल्या ओळी. गप्प राहिलेला ड्रायव्हर तिथेच सापडतो.

या आवृत्तीची उणीव अशी की सॉर्टमध्ये क्रम आणि वेळ दोन्ही जातात. दुसरी आवृत्ती म्हणूनच एकाच ऑकवर (ओळीओळीने मजकूर हाताळणाऱ्या छोट्या भाषेवर) आहे. आधी चार-पाच चांगल्या बूटच्या झाकलेल्या ओळींची आधारफाइल अ‍ॅरेमध्ये (मेमरीतल्या यादीत) वाचायची. मग बिघडलेल्या लॉगची प्रत्येक ओळ घेऊन तिची प्रत झाकायची, आणि प्रत अ‍ॅरेमध्ये नसेल तर मूळ ओळ तिच्या क्रमांकासह छापायची. वेळ शाबूत राहते आणि सॉर्टची गरज उरत नाही. वारंवारता आणि गायब ओळी मात्र यात दिसत नाहीत, त्यामुळे पहिली आवृत्तीही ठेवली आहे.

दोन खाचखळगे. आधारफाइल रिकामी असेल तर ‘एनआर==एफएनआर’ ही पहिली फाइल ओळखायची ऑकमधली अट दुसऱ्या फाइललाही लागू होते आणि काहीच छापलं जात नाही, म्हणजे सगळं आलबेल असल्यासारखं दिसतं; आधी ‘टेस्ट -एस’ने फाइल रिकामी नाही ना, ते तपासा. आणि मॉकच्या (ऑकच्या एका प्रकाराच्या) जुन्या आवृत्त्यांना झाकायच्या नमुन्यातली महिरपी कंसातली संख्या (‘सहा अंक’ अशी) कळत नाही. तिथे अधिक चिन्ह वापरा.

बाकी राहिलंय ते रेट-लिमिटचं, म्हणजे तोच संदेश वारंवार छापण्यावर कर्नल घालतो त्या मर्यादेचं. मूळ सेटिंग ५ सेकंदांत १० संदेशांचं असतं, त्यापुढचे गिळले जातात आणि ‘कॉलबॅक्स सप्रेस्ड’ अशी एकच ओळ उरते. तिच्यातला आकडा त्या संदेशाच्या मोजणीत मिळवायचा की वेगळा दाखवायचा, हे ठरायचंय. सध्या तरी तो न झाकता तसाच ठेवला आहे.