आजूर महिना, चुन्याखालची अक्षरं आणि एक खापरपणजा

यादीत तीन घराणी होती. एक उदगीर तालुक्यातलं कुणबिकीचं, एक खुलताबादेत वाडवडील पुरलेलं मुसलमान घराणं आणि एक जालन्याचं ख्रिस्ती. तिघांच्या वंशावळी एकाच फेरीत धुंडाळायच्या म्हणून आम्ही छत्रपती संभाजीनगरहून निघालो. पहिला दिवस मात्र तिथेच, बसल्या जागी गेला. मराठवाड्यात माणूस शोधायच्या आधी गाव शोधावं लागतं, आणि ते गाव कोणत्या साली कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात होतं ते ठरवावं लागतं. ते न ठरवता कचेरीत गेलात तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढंच ऐकून परत याल.

पिंपळगाव, वडगाव, हिप्परगा अशा नावांची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत ढिगाने आहेत. त्यासाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका घ्यायची. १९५१ सालची बघावी, कारण तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि गावांच्या याद्या जुन्या तालुक्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत आले, किनवट आदिलाबादेतून नांदेडात आला. पुढे १९८१ ला जालना, १९८२ ला लातूर, १९९९ ला हिंगोली असे नवे जिल्हे झाले. म्हणजे आजचं लातूर जिल्ह्यातलं उदगीरचं गाव कागदावर तीन जिल्ह्यांत सापडतं. अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद आहे, हेही डोक्यात ठेवावं.

जनगणनेबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. हैदराबाद संस्थानात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, तिचे छापील अहवाल आज जनगणना आयुक्तालयाच्या डिजिटल ग्रंथालयात वाचता येतात, पण त्यांत पणजोबांचं नाव मिळत नाही. आकडे मिळतात: जिल्ह्यात कोणती जात किती, धंदा कोणता, लोक कुठून आलेले. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे घराघरांत भरलेली पत्रकं गोपनीय असतात आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तरी आकडे टाकाऊ नाहीत. १८९१ ला संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख होती, १९०१ ला ती १ कोटी ११ लाखांवर आली. मधे छप्पनचा (१८९९-१९०० चा) दुष्काळ होता. एखादं घराणं त्याच सुमारास गावच्या कागदांतून नाहीसं होत असेल तर ते निपुत्रिक झालं असं मानण्याआधी शेजारच्या तालुक्यात बघावं.

नावानिशी शिरगणतीच्या सर्वांत जवळचा कागद म्हणजे १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. १९५१ च्या जनगणनेवरून ते तयार झालं. त्यात घराप्रमाणे माणसं येतात: नाव, नातं, वय, धंदा. तहसिलीत ‘जनगणनेचे कागद’ म्हणून मागू नका, याच नावाने मागा. वयावर मात्र फार विसंबू नये. चाळीस, पन्नास, साठ असे गोल आकडे दिसले की समजावं, अंदाजाने सांगितलेत.

दुसऱ्या दिवशी खुलताबाद. संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटर, पण निघायचं पहाटे. कबरीवरची झिजलेली अक्षरं तिरप्या उन्हातच दिसतात. दहा वाजले की दगड सपाट होतो. उशीर झालाच तर आरसा घेऊन उजेड बाजूने पाडायचा किंवा सावली करून बॅटरी तिरपी धरायची. सोबत साधं पाणी फवारायची बाटली, मऊ ब्रश आणि मोजपट्टी, बस. खडू, तेल, तारेचा ब्रश, ॲसिड यांपैकी काहीही दगडाला लावू नये. इथे औरंगजेब आहे, पहिला निजाम आहे, मलिक अंबर आहे. पण साध्या घराण्यांच्या कबरी दर्ग्यांच्या आसपास दाटीने आहेत आणि त्यांवर दरसाल चुना चढतो. थरावर थर बसून अक्षरं बुजतात. चुना खरवडायचा मोह होतो. तो आवरावा आणि मुजावरांशी, म्हणजे दर्ग्याची देखभाल करणाऱ्यांशी बोलावं. कोणत्या घरचे लोक कोणत्या कबरीवर फुलं घालायला येतात हे त्यांना पाठ असतं, आणि पुष्कळदा दगडापेक्षा ते जास्त सांगतात.

लेखच नसेल तरी वरचा आकार बघावा. पुरुषाच्या कबरीवर मधोमध कलमदानासारखा उंचवटा असतो, बाईच्या कबरीवर सपाट तख्ती. साल वाचताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. वर ७८६ असेल तर ते साल नव्हे, बिस्मिल्लाच्या अक्षरांची अबजद बेरीज आहे, म्हणजे दर अक्षराच्या ठरलेल्या किमतीची बेरीज. त्याच अबजदने कधी शेवटच्या ओळीत मृत्यूचं साल गुंफलेलं असतं, म्हणून शेवटची ओळ अक्षरन् अक्षर उतरवून आणायची. दुसरी अडचण आपल्या काळ्या दगडाची. फारसी शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्या पाषाणात जन्मतःच बारीक भोकं. भोक शून्य होऊन बसतं, नाहीतर एखाद्या अक्षराचा नुक्ता, म्हणजे टिंब. बोट फिरवून बघावं: कोरलेल्या ठिपक्याची कड एकसारखी लागते, भोकाची वेडीवाकडी.

हिजरीचं इसवी करायला सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. १३२० हिजरी म्हणजे १९०२-०३. पण निजामाच्या कचेरीतला १३२० फसली, म्हणजे महसुली सालाचा १३२०, म्हणजे १९१०-११. आठ वर्षांचा फरक! एवढ्या फरकाने बाप मुलाच्या जन्माआधीच मेलेला निघतो आणि वंशावळ जुळवणारा डोकं धरून बसतो.

खुलताबादहून अजिंठा गावाकडे वळलो. तिथल्या पारोच्या कबरीवर २३ मे १८५६ ही तारीख आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिलने ती बांधली. तारीख दिवसानिशी आहे, पण बापाचं नाव नाही. एका दगडावर वंशावळ उभी राहत नाही याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नसेल.

जालन्याला मद्रास फौजेची छावणी होती, त्यामुळे तिथल्या इंग्रज दफनांच्या नोंदी मुंबईच्या नव्हे तर मद्रासच्या बाडांत शोधाव्या लागतात. त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. संगमरवरावर शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि ती गळाली असतील तर हताश होऊ नये. अक्षर बसवायला पाडलेली भोकं राहतात, ती कागदावर जोडत गेलं की नाव उमटतं. मराठी ख्रिस्ती घराण्यासाठी मात्र दगडापेक्षा चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर आधी पाहावं. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलपासूनची ही परंपरा आहे. बाप्तिस्म्याला नाव बदललेलं असतं, दगडावर फक्त नवं नाव असतं. जुन्या नावाचा सांधा मिळाला तर रजिस्टरातच.

अंबाजोगाईत मुक्काम करून उदगीर. इथे दगड संपले. दहन करणाऱ्यांची कबर कुठली? मारुतीच्या पारावर वीरगळ असते आणि ‘हा आमचाच मूळ पुरुष’ असं सांगणारी दोन-तीन घराणीही असतात. वीरगळीवर सहसा नाव नसतं, तेव्हा नमस्कार करावा आणि तहसिलीची वाट धरावी.

नकलेच्या अर्जाला कोर्ट फी स्टँप लावून, सर्व्हे नंबर लिहून तीन गोष्टी मागायच्या: १९५४-५५ चं खासरा पत्रक (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंद), त्यानंतरची पाहणी पत्रकं आणि जुने फेरफार. सेतवार, म्हणजे मोजणीच्या वेळचं जमिनीचं रजिस्टर, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाकडे मिळतं. खासऱ्यात आडनाव नसेल, ‘अमुक वलद तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच असेल. तो ‘वलद’च आपला जिना आहे, एकेक पायरी मागे नेतो. बाई दिसली तर ‘जौजे’ म्हणजे बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे धाकटे भाऊ आहेत पण कागदावर नाहीत. अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) असेल तर कुणीतरी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे, त्यावरून मुलाच्या वयाचा अंदाज बांधता येतो. सगळ्यांत मोलाचा वारसाचा फेरफार: मेला कधी, वारस कोण, दत्तक आहे का, आणि सासरच्या नावाने लेकीसुद्धा. सात-बारा बघून समाधान मानणारे हा कागद सोडतात, आणि तिथेच घराण्याची अर्धी फांदी तुटते.

मग शाळा. प्रवेश-निर्गम रजिस्टरात जातीचा आणि जन्मतारखेचा रकाना असतो. जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी दिलेली. अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो.

फसली तारखेचा हिशेब असा. हैदराबादी फसली साल आजूर महिन्याने, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. आजूर, दय, बहमन या तीन महिन्यांना ५९० मिळवा, इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१. म्हणजे आजूर १३५७ हा ऑक्टोबर १९४७, पण हैदराबादवर पोलीस कारवाई झाली तो सप्टेंबर १९४८ सुद्धा १३५७ फसलीतच येतो. मोडी कागदावर अरबी शब्दांत साल असेल, ‘अर्बा मयातैन व अलफ’ असं, तर ते सुहूर सन. अर्बा चार, मयातैन दोनशे, अलफ हजार: १२०४. ५९९ मिळवले की १८०३, जालना जिल्ह्यात असईची लढाई झाली ते साल.

शेवटचा टप्पा सीमा ओलांडून बीदर, कारण उदगीरचे १९५६ आधीचे जिल्हा पातळीवरचे कागद उर्दूत आणि तिकडचे. गाव जहागिरीत असेल तर आणखी एक वळसा पडतो: जहागिरी १९४९ ला खालसा झाल्या आणि त्याआधीचा वसूल सरकारी दप्तरात नसतो. उर्दू वाचक सोबत न्यावा, तोही शिकस्ता, म्हणजे घाईचं मोडकं हस्ताक्षर वाचणारा. नुसतं छापील उर्दू येणारा अडकतो. घाईच्या लिखाणात गाफची वरची रेघ सुटते, डालवरची खूण सुटते आणि ‘गोंदू’ व ‘कोंडू’ एकच दिसतात. आकडे सियाकात, म्हणजे हिशेबाच्या जुन्या फारसी खुणांत असतील तर ते वाचणारा माणूस वेगळा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी असे मोडी आणि उर्दू वाचक जिल्ह्याजिल्ह्यांत लावले गेले, आणि स्कॅन केलेल्या पुष्कळ नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. निघण्यापूर्वी त्या गावनिहाय चाळून घ्याव्यात, कधी एक फेरी वाचते.

नाव सापडलं की पानाचा पूर्ण फोटो घ्यायचा, नुसत्या ओळीचा नाही. वरची आणि खालची चार नावंही उतरवायची. भाऊबंदांचे सर्व्हे नंबर शेजारीशेजारी असतात, आणि उदगीरच्या खापरपणजाचा बाप आम्हाला त्याच्या ओळीत नव्हे, खालून तिसऱ्या ओळीतल्या चुलतभावाच्या ‘वलद’मागे सापडला.